कापलेलं गाजर किती उष्णता सोडतं : प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट

विषय एकदाचा पक्का झाला. ताजी भाजी कापताना, सोलताना, घासताना पेशींचं जे नुकसान होतं ते उष्णतेवरून मोजायचं, मेन सॅम्पल गाजर, जमलं तर नंतर बटाटा आणि लेट्यूस. रंग मोजायचं मीटर, कडकपणा मोजायचं मशीन हे सगळं लॅबमधे आहेच, पण ती सगळी परिणाम मोजतात. गाजरावर पांढरी झाक आली, बटाट्याचा काप तपकिरी पडला की मीटर सांगणार रंग बदललाय, अरे ते तर डोळ्यांनाही दिसतंय. पेशींना मात्र पातं लागल्या लागल्या कळलेलं असतं. कापलेल्या पेशी फुटतात त्या फुटतात, पण त्यांच्या मागच्या जिवंत पेशी कामाला लागतात, श्वसन वाढतं, जखम बुजवायची रसायनं तयार व्हायला लागतात, लिग्निन, सुबेरिन वगैरे (पेशींच्या भिंती कडक आणि पाणी न गळू देणाऱ्या करणारे पदार्थ), आणि यातली जवळपास प्रत्येक गोष्ट शेवटी उष्णता म्हणून बाहेर पडते. ती उष्णता मोजली की नुकसान दिसायच्या आधीच पकडता येईल अशी आशा.

गंमत म्हणजे आयडिया अजिबात नवी नाही. लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८३ च्या आसपास गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवून किती बर्फ वितळतो ते मोजलं होतं आणि श्वसन म्हणजे एक प्रकारचं संथ जळणंच आहे हे दाखवलं होतं. आम्ही गिनीपिगच्या जागी गाजर ठेवतोय, बाकी तेच.

आकडेमोड करून ठेवते. एक मोल ग्लुकोज पूर्ण ऑक्सिडाइज झालं की साधारण २८०० किलोज्यूल निघतात, त्याला ऑक्सिजन लागतो ६ मोल आणि कार्बन डायऑक्साइडही ६ मोलच निघतो, म्हणजे एक मोल ऑक्सिजनमागे ४६७ च्या आसपास. थॉर्नटनने १९१७ मधे दाखवलं की सेंद्रिय पदार्थ कुठलाही असो, ऑक्सिजनच्या मोलमागे निघणारी उष्णता थोड्याफार फरकाने सारखीच येते, त्यामुळे गाजर नेमकं काय जाळतंय याची फार चिंता करायची गरज नाही. २० अंशाला गाजराचं श्वसन किलोमागे तासाला ५० मिलीग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरलं (हा खालच्या बाजूचा आकडा आहे) तर हिशोब येतो ग्रॅममागे ०.१५ मिलीवॅट. अडीच ग्रॅमच्या सॅम्पलला ०.३७. एवढीशी उष्णता मोजायची आहे, हे डोक्यात फिट बसवून पुढे जायचं.

६ ऑगस्ट

मशीन समजून घेतलं. आयसोथर्मल कॅलोरीमीटर, नावातच आलं की तापमान बदलू द्यायचं नाही. लोकांना सांगितलं की गाजराची उष्णता मोजतेय तर पहिला प्रश्न हाच येतो की किती डिग्री गरम होतं. होतच नाही! निघालेली उष्णता सेन्सरमधून लगेच खालच्या अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात वाहून जाते, आणि ती वाहत असताना सेन्सरच्या दोन बाजूंमधे तापमानाचा जो अगदी किंचित फरक पडतो त्यामुळे व्होल्टेज तयार होतं, सीबेक इफेक्ट, तेवढं व्होल्टेज आपण मोजायचं. प्रत्येक चॅनलला दोन खड्डे, एकात सॅम्पलची काचेची बाटली आणि दुसऱ्यात रेफरन्स, दोघांची वजाबाकी होते म्हणजे खोलीत एसी चालू-बंद झाला तरी त्याचा गोंधळ दोन्हीकडे सारखा आणि बराचसा कापला जातो. बाटली २० मिलीची.

रेफरन्समधे काय ठेवायचं तर सॅम्पलइतकीच उष्णताधारकता असलेलं पण काहीही न करणारं काहीतरी. गाजरात बहुतेक पाणीच असतं, अडीच ग्रॅम गाजराला साधारण २.३ मिली पाणी पुरतं. तेच घेतलं.

९ ऑगस्ट

कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेली उष्णता देऊन मशीन किती सिग्नल दाखवतं ते बघणं. बाटलीत १०० ओहमचा रेझिस्टर, त्यावर ०.३ व्होल्ट, म्हणजे ०.९ मिलीवॅट, आपलं सॅम्पल ज्या रेंजमधे असणार तिथेच. सिग्नल सपाट होईपर्यंत थांबायचं, त्यातून बेसलाइन (उष्णता दिलेली नसतानाचा सिग्नल) वजा करायची आणि भागाकार करायचा. करायला कंटाळवाणं आहे पण यावरच पुढचं सगळं उभं आहे. बेसलाइन दोन्ही टोकांना घ्यायची, रनच्या (एका मोजणीच्या) आधी आणि नंतर, आणि दोन्हीत फरक निघाला तर तो रन बाजूला.

१३ ऑगस्ट

आजचा अख्खा दिवस झाकणांवर गेला आणि मला वाटतं तो सत्कारणी लागला.

बाटलीत फक्त पाणी होतं, सॅम्पल नाहीच, म्हणजे सिग्नल शून्य यायला हवा. एका चॅनलवर मात्र सिग्नल उणे, आणि तसाच टिकून राहिलेला. पाणी उष्णता खातंय म्हणजे बाष्पीभवन, म्हणजे झाकण गळतंय. बाटली रात्रभर ठेवून सकाळी वजन केलं तर खरंच हलकी. आता याचा हिशोब बघा, २० अंशाला एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला २४५० ज्यूल लागतात, म्हणजे तासाला फक्त एक मिलीग्रॅम पाणी गळून गेलं तरी ०.६८ मिलीवॅटचा खड्डा. आपल्या गाजराची एकूण उष्णता ०.३७! तासाला मिलीग्रॅम म्हणजे डोळ्याला काहीच दिसत नाही, हाताला जाणवत नाही, आणि ग्राफवर अख्खं गाजर गायब. रबर सील बदलले, प्रत्येक बाटलीवर नंबर टाकला आणि रनच्या आधी-नंतर वजन करायचंच असा नियम केला. मिलीग्रॅमच्या दशांशापर्यंत वजन दाखवणारा काटा लागतो, साधा चालत नाही.

सील चांगलं असलं तरी सुरुवातीला बाटलीतली हवा ओलसर होईपर्यंत थोडं पाणी उडतंच, साडेसतरा मिली हवेला ०.३ मिलीग्रॅम, पाऊण ज्यूल. त्यात बाटली खाली सोडताना होणारी गडबड, हाताची ऊब. त्यामुळे पहिला तासभर डेटा फेकून द्यायचा, याला इलाज नाही. वाईट याचंच वाटतं की कापल्यानंतरचा पहिला तास हाच सगळ्यात गरमागरम असणार आणि नेमका तोच आम्हाला आंधळा. सॅम्पल, बाटल्या, चिमटे, सगळं आधीच २० अंशाला ठेवून हा वेळ थोडा कमी करता येतो एवढंच.

१४ ऑगस्ट

सॅम्पलचा आकार ठरला. किसणी, सुरी, मशीन, प्रत्येकाचे तुकडे वेगळे आकाराचे, तुलना कशाशी करणार. म्हणून कॉर्क बोररने (धारदार नळीने) ८ मिलिमीटर व्यासाचे दंडगोल काढायचे, गाजराच्या बाहेरच्या भागातून, मधला कडक दांडा घ्यायचा नाही कारण तो ऊतकच वेगळा, श्वसन वेगळं. त्यासाठी जाडजूड गाजरं निवडायची. एकूण लांबी ४८ मिलिमीटर, वजन अडीच ग्रॅम, आणि मग तेवढ्याच वजनाचे वेगवेगळ्या जाडीचे तुकडे. दोन लांब तुकडे ठेवले तर पृष्ठभाग १४ चौरस सेंटिमीटर, ८ मिलिमीटरच्या चकत्या केल्या तर १८, ४ च्या केल्या तर २४, आणि २ च्या केल्या तर ३६. वजन तेच, जखम अडीच पटीपर्यंत. गाजरागाजरात फरक भयंकर असतो, म्हणून चारही प्रकार एकाच गाजरातून काढायचे आणि तुलना त्या गाजरापुरतीच करायची. मॅडमना हे पटलं, म्हणाल्या सरासरी काढायची घाई करू नकोस, आधी एकेक गाजर नीट बघ.

१९ ऑगस्ट

ऑक्सिजन. हा मुद्दा रन सुरू करायच्या आधी कागदावर सोडवून ठेवला कारण बंद बाटली म्हटलं की हे येणारच होतं. साडेसतरा मिली हवेत ऑक्सिजन साधारण ३.७ मिली, म्हणजे ०.१५ मिलीमोल, म्हणजे तो संपूर्ण वापरला गेला तर एकूण ७१ ज्यूल निघणार. त्याहून जास्त उष्णता श्वसनातून निघूच शकत नाही, मशीन कितीही भारी असो. पण ऑक्सिजन शून्याला जायच्या कितीतरी आधी पेशी मंदावतात, वर तेवढाच कार्बन डायऑक्साइड साठत जातो तो वेगळाच. म्हणून नियम: ग्राफखालचं क्षेत्रफळ ३५ ज्यूल झालं, म्हणजे ऑक्सिजन निम्म्यावर आला, की तिथे रेघ मारायची, पुढचं बघायचं नाही. १ मिलीवॅटने चाललेलं सॅम्पल तिथे दहा तासांच्या आत पोचतं, ०.५ वालं एकोणीस-वीस तासांनी.

हे लिहून ठेवायचं कारण असं की कापलेल्या सॅम्पलचा ग्राफ आधी उंच आणि मग उतरता दिसतो, आणि बघणाऱ्याला वाटतं वा, जखम भरून आली. कशाची जखम, हवा संपत आलीये. आणि दुष्टपणा असा की ज्याला जखम जास्त त्याची हवा लवकर संपते, म्हणजे तोच ग्राफ सगळ्यात छान "बरा होताना" दिसणार. ज्यूल मोजून रेघ मारली की हा प्रश्नच मिटतो.

२३ ऑगस्ट

पहिला खरा ग्राफ. चार प्रकार, एक गाजर, रेझर ब्लेडची नवी धार. तीन तासांनंतरची उष्णता उभ्या अक्षावर आणि पृष्ठभाग आडव्या अक्षावर टाकला. १४, १८, २४ हे तीन ठिपके सरळ रेघेत, बघून बरं वाटलं. ३६ वाला मात्र रेघेच्या बराच खाली. बाटली उघडून बघितली तर कारण समोरच होतं, दोन मिलिमीटरच्या ओल्या चकत्या एकमेकींना चिकटून गठ्ठा झालेला, मधल्या चकत्यांना हवा मिळतच नव्हती. नायलॉनच्या जाळीचे छोटे तुकडे मधे घालून परत लावलं तेव्हा ठिपका रेघेजवळ आला.

आता ही रेघ का आवडली ते. तिचा चढ म्हणजे जखमेच्या एका चौरस सेंटिमीटरमागे किती उष्णता, हा आपल्याला हवा तो आकडा. आणि रेघ मागे नेऊन पृष्ठभाग शून्य केला की जिथे उभ्या अक्षाला टेकते तो म्हणजे अजिबात न कापलेल्या गाजराचा आकडा, जो एरवी मोजताच येत नाही कारण अख्खं गाजर बाटलीत मावत नाही आणि मावेल एवढं कापलं की ते न कापलेलं राहत नाही. नुसतं "कापलेलं विरुद्ध न कापलेलं" असं केलं असतं तर हे दोन कधीच सुटे झाले नसते.

चढ वेळेनुसार बदलतो हेही दिसलं, दुसऱ्या तासाला जास्त आणि पुढे कमी होत जातो. म्हणून "नुकसान किती" असं विचारलं की आधी "कापून किती वेळ झाला" हे विचारावं लागणार.

२७ ऑगस्ट

धार. सगळ्या चार मिलिमीटरच्याच चकत्या, पृष्ठभाग हिशोबाने तोच २४, फक्त एका गटाला रेझर ब्लेड आणि दुसऱ्याला लॅबमधली बोथट सुरी. बोथटवाल्यांची उष्णता जास्त, सुरुवातीचे काही तास तर ठळक जास्त.

भिंगाखाली दोन्ही चकत्या शेजारी ठेवून बघितल्या. ब्लेडची चकती काचेसारखी गुळगुळीत, कडेपर्यंत रंग एकसारखा आणि बोट लावलं तर फक्त दमट. बोथट सुरीच्या चकतीवर बारीक ओरखडे आडवे, सुरी ज्या बाजूने बाहेर पडली तिथली कड तुटून निघालेली, कापून नाही तर चिरडून, आणि पृष्ठभागावर रसाचा चकाकणारा पातळ थर. टिश्यूवर दाबली तर नारिंगी गोल उमटतो, ब्लेडवालीचा जेमतेम डाग. म्हणजे कागदावर पृष्ठभाग २४ असला तरी प्रत्यक्षात फुटलेल्या पेशींचे थर जास्त खोल गेलेत. हे होणार हे सगळ्यांनाच माहीत असतं, पण त्याचा आकडा मिळणं वेगळं.

पण पुढचा प्रश्न लगेच. ही जास्तीची उष्णता कोणाची? मागच्या जिवंत पेशी जोरात श्वास घेतायत म्हणून, की फुटलेल्या पेशींच्या रसात फिनॉल आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज (फिनॉलचं ऑक्सिडेशन करून काप तपकिरी पाडणारं एन्झाइम) एकत्र आले आणि हवेशी रिअॅक्शन चालू आहे म्हणून? पहिली जिवंत प्रतिक्रिया आहे, दुसरी नुसती रसायनं, मेलेल्या रसातही चालेल अशी. मशीनला दोन्ही सारखेच.

२ सप्टेंबर

वरच्या प्रश्नावर सोडियम हायड्रॉक्साइडची युक्ती. बाटलीत एक अगदी छोटी कुपी ठेवायची, त्यात हायड्रॉक्साइडचं पातळ द्रावण, ते कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि शोषताना प्रत्येक मोलला १०८.५ किलोज्यूल सोडतं. एकदा कुपीत नुसतं पाणी ठेवून रन, एकदा हायड्रॉक्साइड ठेवून, दोघांतला फरक भागिले १०८.५, झाला कार्बन डायऑक्साइडचा वेग. गॅस मोजायचं मशीन न लावता! साध्या श्वसनात फरक साधारण पावपट यायला हवा, म्हणजे ०.५ मिलीवॅटवर ०.१२ च्या आसपास, तो दिसतो.

मग उष्णता भागिले कार्बन डायऑक्साइड. साखर जळतेय तोवर हा भागाकार ४६७ च्या जवळपास. रसातलं ऑक्सिडेशन ऑक्सिजन खातं, उष्णता देतं, पण कार्बन डायऑक्साइड सोडत नाही, त्यामुळे तसं काही चालू असेल तर भागाकार वर जाणार. उलट हवा कमी पडून आंबवण सुरू झालं तर कार्बन डायऑक्साइड निघत राहतो आणि उष्णता जवळपास नाहीच, भागाकार धाडकन खाली. एकाच आकड्यात दोन्ही बाजूंची खबर, मला तर हा भाग सगळ्या प्रोजेक्टमधे सगळ्यात देखणा वाटतो.

मधे एक शंका पार्टनरने काढली, की जखम झालेल्या ऊतकात पर्यायी ऑक्सिडेज नावाचा श्वसनाचा आडमार्ग चालू होतो, तो ऊर्जा साठवत नाही, उष्णता म्हणून उधळतो, तर त्यानेही भागाकार वाढेल ना? नाही वाढणार. साठवलेली ऊर्जासुद्धा पेशी थोड्या वेळात वापरते आणि तीही उष्णता होऊनच बाहेर पडते, शिल्लक काही पडत नसेल तर रस्ता कुठलाही असो, ऑक्सिजनमागे हिशोब तोच. तो मार्ग आहे की नाही हे आपलं मशीन सांगू शकत नाही, त्यासाठी वेगळे इन्हिबिटर (तो मार्ग अडवणारी रसायनं) लागतील. तो विषय तिथेच सोडला.

५ सप्टेंबर

निकाल आला आणि छान सुटसुटीत आला. ब्लेडच्या चकत्या, भागाकार श्वसनाच्या आसपास. बोथट सुरीच्या चकत्या, पहिले काही तास भागाकार स्पष्टपणे वर आणि मग हळूहळू खाली येऊन ब्लेडवाल्यांना भेटतो, पण नुसती उष्णता मात्र तेव्हाही जास्तच असते. म्हणजे सुरुवातीच्या जास्तीत रसाचा वाटा आहे आणि नंतरची जास्ती जिवंत पेशींची आहे.

खात्रीसाठी बोथट सुरीच्या चकत्या कापल्या कापल्या गार डिस्टिल्ड वॉटरमधे अर्धा मिनिट खंगाळल्या, टिश्यूने टिपल्या आणि मग बाटलीत. सुरुवातीची जास्ती बरीच गेली, नंतरची तशीच. कारखान्यांमधे कापल्यावर धुतात ते मुख्यतः जंतूंसाठी म्हणून, पण हा रस निघून जातो हे पण काही कमी नाही. मात्र धुतलं म्हणून खालच्या पेशींची जखम भरत नाही हेही त्याच ग्राफवर आहे, दोन्ही एकदमच बघायला हवं.

११ सप्टेंबर

आज मुद्दाम वाईट वागलो गाजराशी. दंडगोल व्हाइसमधे (शिकंज्यात) दाबले, एक गट हलका, एक गट जोरात, एक गट पार चेचून. शिवाय एक गट गोठवून वितळवलेला आणि एक उकळलेला.

उकळलेला शून्य, अपेक्षितच, पेशीही मेल्या आणि एन्झाइमही. गोठवून वितळवलेल्यात पेशी मेलेल्या पण एन्झाइम शाबूत, सुरुवातीला थोडी उष्णता आणि मग खाली. बटाट्याचं हेच करून बघितलं तर सुरुवातीचा उसळा कितीतरी मोठा आणि बाटलीतला तुकडा काळपट, गाजरात पॉलिफिनॉल ऑक्सिडेज बटाट्याइतकं आक्रमक नाही. हलका दाबलेला गट, न दाबलेल्यापेक्षा वर. जोरात दाबलेला, आणखी वर. आणि चेचलेला? सुरुवातीला वर, आणि काही तासांतच न दाबलेल्या गाजराच्याही खाली.

म्हणजे सगळ्यात जास्त नुकसान झालेलं सॅम्पल सहाव्या-सातव्या तासाला सगळ्यात शांत. कारण सरळ आहे, कुरकुर करायला जिवंत पेशीच उरल्या नाहीत. हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवते कारण रिपोर्टमधे हेच ठासून सांगायचंय: आपण नुकसान मोजत नाही, नुकसानाला जिवंत पेशी जे उत्तर देतात ते मोजतो. थोड्या जखमेला दोन्ही सोबत वाढतात, खूप जखमेला ते उलट दिशेने जातात. त्यामुळे कोणी दोन प्रक्रियांची तुलना करून म्हटलं की हिची उष्णता कमी म्हणून ही सौम्य, तर आधी विचारायचं की पेशी जिवंत आहेत का. एका आकड्यावर कधीच निर्णय नको, निदान वेळेनुसार ग्राफचा आकार आणि तो भागाकार दोन्ही बघायला हवेत.

मॅडमनी लगेच विचारलं, मग सँडपेपरचं काय. घासून साल काढणाऱ्या मशीनची नक्कल म्हणून दंडगोलाची बाजू सँडपेपरने घासायचं आधीच ठरलं होतं. तेही केलं, बारीक आणि जाड दोन्ही. जाड कागदाचा गट सुरुवातीला वर आणि भागाकारही वर, म्हणजे रस भरपूर, पण तो चेचलेल्यासारखा कोसळला नाही, कारण वरचे थर मेले तरी खाली जिवंत गाजर भरपूर शिल्लक होतं. घासलेले तुकडे उघडे ठेवले तर थोड्याच वेळात पांढुरके पडतात, पाण्याचा थेंब टाकला की पांढरेपणा जातो. हा नुसता सुकलेल्या फाटक्या पेशींचा पांढरेपणा. दुसऱ्या दिवसानंतरचा पाण्यानेही जात नाही त्यात लिग्निनचा हात असतो. टोल्युइडिन ब्लू हा रंग लावून बघितलं तर लिग्निन झालेला भाग निळा-हिरवा आणि बाकीचा जांभळट, कडेची निळी-हिरवी रेघ फार सुंदर दिसते.

१६ सप्टेंबर

जुनी माहिती पण बघायची होती: बटाट्याचा काप कापून एक दिवस ओलसर हवेत ठेवला की त्याचं श्वसन ताज्या कापाच्या तीन ते पाच पट होतं. बंद बाटलीत हे दिसणारच नाही, तोवर ऑक्सिजन संपलेला. म्हणून काप बाहेर उघड्या ओल्या डब्यात ठेवले आणि वेगवेगळ्या वयाचे काप एकेक करून बाटलीत घातले, प्रत्येकी थोडाच वेळ. चढ छान दिसतो. ताज्या कापापेक्षा कालचा काप जास्त उष्णता सोडतो, आणि हा बिघाड नाही, दुरुस्ती आहे, वरचा थर सुबेरिनने बंद होतोय. हेही परत तेच, जास्त उष्णता म्हणजे वाईट असंही नाही.

जुन्या कापांना जंतूंची भीती असते. एक बॅक्टेरिया साधारण एक-दोन पिकोवॅट, म्हणजे दहा कोटी झाले की ०.१ ते ०.२ मिलीवॅट, आपल्या सॅम्पलच्या तोडीचे. ओळखायचे कसे तर उभा अक्ष लॉगमधे घ्यायचा, जंतू वाढत असतील तर सरळ चढती रेघ दिसते, ऊतक तसं वाढत नाही. एका जोडीत तशी रेघ दिसली, ती काढून टाकली.

२० सप्टेंबर

लेट्यूस, जरा घाईतच. पानाच्या मधल्या शिरेचे तुकडे ४५ अंशाच्या पाण्यात ९० सेकंद बुडवले की नंतर तपकिरी पडणं बरंच कमी होतं हे माहीत असलेलं आहे. स्पष्टीकरण असं देतात की पेशी उष्णतेच्या धक्क्याची प्रथिनं बनवण्यात गुंततात आणि फिनॉल बनवणारं एन्झाइम, फिनाइलअॅलनिन अमोनिया लायेज, त्याची निर्मिती मागे पडते. आम्ही तुकडे बुडवले आणि न बुडवलेल्यांशेजारी लावले. बुडवलेल्यांची उष्णता कमी, भागाकार दोन्हीकडे श्वसनाच्या आसपास.

चेचलेल्या गाजरानंतर आता "कमी" दिसलं की लगेच संशय येतो, म्हणून जिवंतपणा तपासला. रनमधून बाहेर काढून हवा दिलेले तुकडे परत बाटलीत घातले, उष्णता टिकून होती, पार्टनरने मिठाच्या तीव्र पाण्यात घालून भिंगाखाली बघितलं तर पेशींचं आतलं आवरण भिंतीपासून सुटत होतं, म्हणजे पडदे शाबूत. मेलेल्या पेशीत ते होत नाही. तर इथे कमी म्हणजे खरंच उत्तर कमी, पेशी कमी नाहीत. ५० अंशाला जरा जास्त वेळ ठेवलेल्या गटात मात्र उष्णता तशीच कमी आणि पडदा सुटलाच नाही. दोन्ही ग्राफ शेजारी ठेवले तर सांगताच येत नाही कुठला कुठला.

रिपोर्टच्या टेबलात त्यामुळे उष्णतेच्या रकान्याशेजारी जिवंतपणाचा रकाना घालतेय, त्याशिवाय तो आकडा छापायचाच नाही. मॅडम म्हणाल्या ५ अंशाला पण एक सेट हवा कारण भाजी प्रत्यक्षात तिथेच ठेवतात. तिथे सिग्नल २० अंशाच्या पाव ते एक तृतीयांश असेल, बेसलाइन आणखी स्थिर लागेल, सॅम्पल दुप्पट करावं लागेल, आणि सॅम्पल दुप्पट केलं की बाटलीतली हवा कमी, म्हणजे ३५ ज्यूलची रेघ परत काढावी लागेल. रेफरन्समधलं पाणीही बदलायचं. सोमवारी बाटल्या गार खोलीत हलवतेय.